कुटुंबाचा अन्नखर्च आणि त्याची मापे : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

(१)

निरनिराळ्या देशांतील कुटुंबे काय खातात आणि अन्नावर किती खर्च करतात, या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. फ्रान्समध्ये फ्रेदरिक ल प्ले यांनी १८५५ मध्ये युरोपातील कामगार कुटुंबांचे जमाखर्च प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बेल्जममध्ये एद्वार द्युकपेसिओ यांनी तेथील कामगारांच्या जमाखर्चांचा संग्रह प्रकाशात आणला. या सामग्रीच्या आधारे सॅक्सनीच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये आपला सुप्रसिद्ध नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा, हे त्या नियमाचे सार होय. बेल्जममधील आश्रित कुटुंबे आपल्या खर्चापैकी सुमारे ७१ टक्के रक्कम अन्नावर खर्च करीत. स्वतःच्या कमाईवर जेमतेम भागविणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण सुमारे ६७ टक्के, आणि त्यांहून बऱ्या स्थितीतील कुटुंबांत सुमारे ६२ टक्के होते.

या नियमामुळे भिन्न देशांतील कुटुंबे एका रांगेत मांडण्याची सोय झाली. त्यासाठी चलनांची तुलना करण्याचीही गरज उरली नाही. तथापि या सोयीच्या मुळाशी एक गृहीत आहे. कुटुंब आपले अन्न पैसे देऊन विकत घेते, हे ते गृहीत होय. जेथे भाकरीची ज्वारी शेतातून, खळ्यावरून किंवा मजुरीच्या मोबदल्यात घरी येते, तेथे हे गृहीत टिकत नाही. परभणीसारख्या जिल्ह्याचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

(२)

महाराष्ट्रात अन्नाचे पहिले सरकारी माप कुटुंबाच्या घरात ठरले नाही; ते दुष्काळी कामावर आणि तुरुंगात ठरले. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरास रोज एक पौंड धान्य व वर थोडी नाणी पुरेशी आहेत, असा दंडक घातला. मुंबई इलाख्यात त्याची अंमलबजावणी होताच १८७७ च्या आरंभी हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. माणसास किती अन्न पुरेसे आहे हा प्रश्न केवळ शरीरशास्त्राचा नसून तो कोणी ठरवावयाचा हाही प्रश्न आहे, ही गोष्ट या प्रसंगाने प्रथमच स्पष्ट झाली.

दादाभाई नौरोजी यांनी त्याच दशकात हे सरकारी माप सरकारवरच उलटविले. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रास जो खर्च येतो, तेवढे तरी उत्पन्न स्वतंत्र रयतेच्या वाट्यास येते काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या हिशेबाप्रमाणे मुंबई इलाख्यात दरडोई वार्षिक उत्पादन २२ रुपये होते, तर कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ४७ रुपयांहून अधिक होता. या गणितातील तपशिलांविषयी मतभेद संभवतात. पण तुलनेची ही रीत पुढे रूढ झाली.

मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये केलेली पाहणी हे तिचे ठळक उदाहरण आहे. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली २,४७३ कामगार कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या कामगारांचे जमाखर्च गोळा करण्यात आले, व अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा ५६.८ टक्के निघाला. एंगेलचा नियम शब्दशः लावला, तर मुंबईचा गिरणी कामगार बेल्जममधील बऱ्या स्थितीतल्या कामगारापेक्षाही सुखी ठरतो! परंतु त्याच अहवालाचा दुसरा निष्कर्ष असा होता की, ही कुटुंबे दुष्काळ-संहितेतील कमाल प्रमाणाइतके धान्य खातात, मात्र मुंबईच्या तुरुंग-नियमावलीत कैद्यास ठरवून दिलेल्या प्रमाणाहून ते कमी आहे. पाहणीतील जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जबाजारी होती. घरभाडे, सरपण आणि सावकाराचे व्याज टाळता येत नसल्याने अन्नाचा वाटा घटला होता. टक्केवारी उतरली, तरी ताट भरले नव्हते.

आश्रितांच्या अन्नावरून स्वतंत्र माणसाची गरज मोजण्याची ही रीत एकट्या भारतातली नव्हे. सीबोम राउन्ट्री यांनी यॉर्क शहरातील दारिद्र्याची पाहणी करून १९०१ मध्ये जी किमान निर्वाहाची रेषा आखली, तिच्यातील आहार इंग्लंडमधील दरिद्रालयांच्या आहारपत्रकाच्या आधारे ठरविलेला होता. शासन ज्यांना स्वतः पोसते, त्यांच्याच आहाराची लेखी नोंद उपलब्ध असते. म्हणून दोन्ही देशांतील अभ्यासक तिच्याकडे वळले.

(३)

परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत ज्वारी, तूर, करडई, जवस आणि कापूस ही मुख्य पिके होत. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला, आणि सेलू, मानवत व परभणी येथील कापसाचा व्यापार वाढला. कापूस विकून रोकड येऊ लागली. अन्न मात्र पुष्कळ अंशी घरचेच राहिले. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा, टंचाईच्या दिवसांत कण्या किंवा हुलग्याचे माडगे, असा सर्वसाधारण आहार होता. यांपैकी मीठ, गूळ आणि मसाल्याचे जिन्नस तेवढे बाजारातून आणावे लागत.

मजुराच्या घरचीही स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेल्या सालगड्यास ठरलेल्या रकमेबरोबर धान्य मिळे. ज्वारीच्या काढणीची मजुरी पुष्कळदा कणसांच्या रूपाने दिली जाई. बलुतेदार आपला वाटा खळ्यावरच घेई. धान्य पायली, अधोली आणि शेर यांनी मापले जाई. नाणे हाली सिक्क्याचे होते, व स्थूलमानाने हाली ७ रुपये म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे ६ रुपये असा विनिमय होता. एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये आणि पुन्हा १९४९-५१ मध्ये हैदराबाद राज्यातील ग्रामीण आर्थिक स्थितीच्या पाहण्या केल्या, तेव्हा मुंबईच्या पाहणीपुढे नसलेला एक प्रश्न तेथे अटळ होता : न विकलेल्या आणि न विकत घेतलेल्या धान्याचे मोल कोणत्या भावाने धरावयाचे?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. उदाहरणादाखल, एखादे कुटुंब वर्षास ६० रुपये रोख खर्च करते आणि त्यांपैकी २० रुपये खाण्याच्या जिनसांवर जातात, असे समजावे. केवळ रोख खर्च पाहिला, तर अन्नाचा वाटा ३३ टक्के येतो. घरी खाल्लेल्या धान्याची खळ्यावरील किंमत ४० रुपये धरून ती मिळविली, तर तोच वाटा ६० टक्के होतो. त्याच धान्याची किंमत बाजारच्या किरकोळ भावाने ६० रुपये धरली, तर तो सुमारे ६७ टक्क्यांवर जातो. कुटुंब तेच आणि जेवणही तेच. परंतु मोजणाऱ्याच्या निवडीप्रमाणे ते सुखवस्तू, गरीब किंवा अतिदरिद्री ठरते.

(४)

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि त्या दशकातच हाली सिक्काही व्यवहारातून गेला. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने सबंध देशासाठी एक पद्धत बसविली : घरच्या उत्पादनातून खाल्लेले धान्य शेतावरच्या भावाने, आणि विकत घेतलेले धान्य प्रत्यक्ष दिलेल्या किमतीने मोजावयाचे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये या पाहणीच्या आधारे भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दरडोई रोज २,२५० उष्मांक हे प्रमाण मानले होते. १९६०-६१ च्या भावाने त्यासाठी ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये आणि शहरांत २२ रुपये ५० पैसे लागतात, असा त्यांचा हिशेब होता. तुरुंगाच्या आहारपत्रकाची जागा आता उष्मांकाने घेतली.

त्यानंतर लगेच आलेल्या १९७२ च्या दुष्काळाने या मापाचीही मर्यादा दाखविली. मराठवाड्यात दुष्काळी कामांवर सुकडी वाटण्यात आली, व परदेशातून आणलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांना खावी लागली. उष्मांकांच्या कोष्टकात मिलो आणि गावरान ज्वारी यांत विशेष अंतर नाही. खाणाऱ्याच्या आठवणीत मात्र ते अंतर कायम राहिले आहे. त्याच वर्षी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ज्वारीचे संशोधन हा त्याच्या कार्याचा एक प्रमुख भाग राहिला आणि २००२ मध्ये ‘परभणी मोती’, तर २०१८ मध्ये लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण प्रसारित झाला. केवळ पोट भरण्यापलीकडे अन्नात काय असावे, हा प्रश्न आता बियाण्यापर्यंत पोहोचला.

(५)

अलीकडचे आकडे वरवर समाधानकारक आहेत. भारतातील ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये ५९.४ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये ४६.४ टक्क्यांवर आला. अमेरिकेत २०२३ मध्ये खर्चयोग्य उत्पन्नाचा सुमारे ११ टक्के भाग अन्नावर गेला, आणि त्यातील निम्म्याहून अधिक बाहेरच्या खाण्यावर गेला. मात्र एका ठिकाणी छेद एकूण खर्चाचा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी उत्पन्नाचा, हे ध्यानात घेतल्याशिवाय हे दोन आकडे शेजारी मांडता येत नाहीत.

शिवाय जुना प्रश्न नव्या रूपाने परतला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील स्वस्त धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत झाले. २०२२-२३ च्या पाहणीत फुकट मिळालेल्या वस्तूंचे मोल न धरता ग्रामीण दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये येतो, आणि ते धरल्यास ३,८६० रुपये. खळ्यावरच्या ज्वारीची जागा रेशनच्या गहू-तांदळाने घेतली, पण न विकत घेतलेल्या धान्याचा हिशेब कसा करावा हा प्रश्न राहिलाच. इकडे खरिपात ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनने व्यापले. एकेकाळी गरिबाचे म्हणून ओळखले जाणारे हे धान्य बाजारात महागले. अशा कुटुंबाच्या अन्नखर्चाची टक्केवारी उतरते, ती काही अंशी ताटातील भाकरी उतरल्यामुळे.

यावरून एंगेलचा नियम खोटा ठरत नाही. त्याच्या वापराची शिस्त मात्र निश्चित होते. देशादेशांतील कुटुंबांची तुलना करताना टक्केवारीबरोबर तीन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत : अन्न कोणत्या वाटेने घरात आले, त्याचे मोल कोणत्या भावाने धरले, आणि पुरेसे किती हे कोणी ठरविले. टेंपल यांचा एक पौंड, तुरुंगाचे आहारपत्रक आणि २,२५० उष्मांक ही तिन्ही मापे कुटुंबाच्या बाहेर ठरली होती. हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या खेड्याचा अभ्यास करताना गावकऱ्यांच्या स्वतःच्या राहणीमानास प्रमाण मानले होते. ती दिशा पुढे फारशी चोखाळली गेली नाही. मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना सालगड्यांचे करार, खळ्यावरच्या वाटपाच्या नोंदी आणि वृद्धांच्या साक्षी यांच्या आधारे ती आजही चोखाळता येईल. मात्र यांतील साक्षींना काळाची मर्यादा आहे.