हृद्रोग, ज्वर आणि शरीराचे रक्षक

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला, आणि १६ जानेवारी १९०१ रोजीं मुंबईस हृद्रोगानें त्यांचा अंत झाला. ५९ वें वर्ष पुरें होण्यास दोनच दिवस उरले होते. त्या शेवटच्या आजाराची हकीकत रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० सालच्या ग्रंथांत आहे.

रानडे हायकोर्टांत न्यायाधीश असतांनाच, १८९६ सालीं, मुंबईंत प्लेग शिरला. हाफकीन यांनीं प्लेगचे जंतु उष्णतेनें मारून लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. मेलेल्या शत्रूची ओळख करून देऊन शरीराचे रक्षक आधींच सावध करावे, ही त्यांतील युक्ति होय. त्या काळीं सामान्य माणसास प्लेग हें जंतूंचें संकट आणि हृद्रोग हें उतारवयाचें दुखणें, असे हे दोन अगदीं निराळे विषय वाटत.

वैद्यकांत मात्र शंका उत्पन्न झाली होती. धमनीची भिंत जाड होते ती दाहामुळें, असें फिर्खो यांनीं १८५६ सालीं प्रतिपादिलें. ऑस्लर यांनीं १९०८ सालीं धमनीविकाराच्या कारणांत तीव्र ज्वरांची गणना केली. पुढें १९१३ मध्यें आनिच्कोव्ह यांनीं सशांस कोलेस्टेरॉल चारून तोच विकार उत्पन्न केला, आणि जंतूंचा विचार मागें पडला.

तो पुन्हां पुढें आला १९८८ सालीं. फिनलंडांत साइक्कू व त्यांच्या सहकाऱ्यांस हृद्रोग्यांच्या रक्तांत न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धचीं प्रतिद्रव्यें निरोगी माणसांपेक्षां अधिक वेळां आढळलीं. जंतूंचें एक प्रथिन आपल्या पेशींतील प्रथिनाशीं इतकें जुळतें कीं, जंतूवर उगारलेलें शस्त्र धमनीच्या अस्तरावरच पडत असावें, असा तर्क निघाला. मग जंतु मारले म्हणजे हृदय वाचेल काय? सुमारें ४,००० रोग्यांस घेऊन वर्षभर जंतुनाशक औषधाची परीक्षा झाली. तिचा निकाल २००५ सालीं लागला, व औषधाचा कांहीं उपयोग दिसला नाहीं.

तेव्हां दोष शत्रूचा नसून रक्षकाच्या आवेशाचा तर नव्हे? २०१७ सालीं १०,०६१ रोग्यांवरील प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. दाह वाढविणारें एक द्रव्य औषधानें अडवितांच, कोलेस्टेरॉल कमी न होतांही, हृदयविकाराचे झटके व तत्सम आपत्ति सुमारें १५ टक्क्यांनीं घटल्या. परंतु जंतुसंसर्गानें मरणाऱ्यांची संख्या मात्र वाढली. पहारेकऱ्याच्या हातची काठी काढून घेतली तर घरांतील भांडीं फुटत नाहींत, पण चोरास दार मोकळें होतें!

रानड्यांच्या धमन्यांस कशानें पोंखरलें, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं, आणि त्यांच्या दुखण्याचा दोष एखाद्या जंतूच्या माथीं मारणें शास्त्रास धरून होणार नाहीं. पण आपणांस यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. न्यूमोनियासारखा ज्वर उतरला म्हणजे दुखणें संपलें, असें आपण मानतों. वस्तुतः त्यानंतर कित्येक आठवडे हृदयास धोका अधिक असतो. घरांतील वडील माणूस तापांतून उठल्यावर छातींत कळ येते म्हणूं लागलें, तर तो अशक्तपणा समजून स्वस्थ बसूं नये. त्याच घटकेस डॉक्टरांस बोलवावें.