सार्वजनिक हवा आणि स्थानिक स्वराज्य : पेण व रोहा येथील एका कर्तव्याचा इतिहास

स्थानिक स्वराज्याच्या इतिहासाचा अभ्यास करताना आपले लक्ष बहुधा पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती आणि शाळा यांकडे जाते. हवेकडे ते क्वचितच वळते. हवेचा प्रश्न हा यंत्रयुगाचा, त्यातही मोठ्या शहरांचा, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः आपल्याकडील नगरपालिकांचा जन्मच मुळी हवेच्या चिंतेतून झाला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ही चिंता कशी उत्पन्न झाली, तिला कायद्याचे रूप कसे आले, आणि धूर वाढत असताना नगरपालिकेचा अधिकार मात्र कसा आकुंचित होत गेला, हे रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन गावांच्या आधारे पाहण्याचा येथे विचार आहे.

ही दोन्ही गावे जुन्या कुलाबा जिल्ह्यातील तालुक्यांची ठाणी. पेण भोगावतीच्या काठी, खाडी, मिठागरे व खारजमिनी यांच्या सान्निध्यात वसलेले. तर रोहा कुंडलिकेच्या काठी, आणि पैलतीरी अष्टमी. तांदूळ व मीठ यांच्या व्यापारावर ही गावे वाढली. इ. स. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावकऱ्यांच्या इच्छेनुसार नगरपालिका स्थापन करण्याची मुभा मिळाली. जिल्ह्यातील पनवेल येथे १८५२ साली नगरपालिका आली. पेण व रोहा-अष्टमी येथील नगरपालिका त्यानंतरच्या, म्हणजे १८६० नंतरच्या दशकातील होत.

त्या काळच्या वैद्यकशास्त्राची धारणा लक्षात घेतल्यावाचून या संस्थांच्या आरंभीच्या कामाचा अर्थ उलगडत नाही. कुजणारे पदार्थ, साचलेले पाणी व दलदल यांतून दूषित वाफ उठते आणि तीच ताप व पटकी यांचे मूळ होय, असा तेव्हाचा सिद्धान्त होता. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘वाईट हवा’ असाच आहे. आपल्याकडील ‘हवापाणी मानवणे’ हा वाक्प्रचार पाहिला तर लोकसमजूत व सरकारी शास्त्र यांत या बाबतीत फारसे अंतर नव्हते, हे दिसून येते. अशा स्थितीत गटारे वाहती ठेवणे, उकिरडे गावाबाहेर नेणे, कातडी कमावण्यासारखे दुर्गंधीचे धंदे वस्तीपासून दूर ठेवणे ही सर्व कामे म्हणजे हवा शुद्ध राखण्याचीच कामे मानली जात. सरकारी आरोग्याधिकाऱ्यांच्या लेखी खाडीकाठची गावे तर विशेष संशयास पात्र असत.

पुढे रॉबर्ट कॉखने पटकीच्या जंतूचा, आणि १८९७ साली रोनाल्ड रॉसने हिवताप व डास यांच्या संबंधाचा छडा लावला. दूषित वाफेचा सिद्धान्त मागे पडला. परंतु त्या सिद्धान्तावर उभारलेली कर्तव्ये तशीच राहिली. १८७३, १८८४ व १९०१ या सालांच्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यांतून सार्वजनिक उपद्रवांचे निवारण आणि घाण किंवा धोक्याच्या धंद्यांचे नियमन ही कामे नगरपालिकेकडे आली. यातील ‘उपद्रव’ ही कल्पना महत्त्वाची आहे. शेजाऱ्याला ज्याचा त्रास होतो तो उपद्रव. त्याची तक्रार गावातच करावयाची, गावातच तिची चौकशी व्हावयाची आणि गावातच तिचा निकाल लागावयाचा. मोजमापाचे कोणतेही साधन नसताना केवळ नाक व डोळे यांच्या साक्षीवर चालणारी ही व्यवस्था होती. ती अपुरी होती खरी; परंतु तक्रारदार व अधिकारी एकाच हवेत श्वास घेत होते, हा तिचा मोठा गुण होता.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. गावाची हवा ज्यांच्या श्रमांवर स्वच्छ राहत होती, त्या सफाई कामगारांच्या वाट्याला मात्र मैला, दुर्गंधी व अस्पृश्यता आली. मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली या कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध केंद्रीय कायदे व्हावयास मात्र १९९३ व २०१३ ही साले उजाडावी लागली. नगरपालिकांनी केलेल्या हवेच्या रक्षणाचा इतिहास लिहिताना ती किंमत कोणी दिली, हे विसरून चालणार नाही.

आता धुराकडे वळू. या भागातील सर्वांत जुना व व्यापक धूर म्हणजे राबाचा. भाताची रोपे ज्या तुकड्यावर करावयाची, तेथे शेण, टहाळ्या, पालापाचोळा यांचे थर रचून ते पावसाळ्यापूर्वी भाजावयाचे, ही येथील शेतीची रूढ पद्धती. चैत्र-वैशाखात पेण व रोह्याच्या आसपासची शिवारे या धुराने भरून जात. या राबावरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. त्यासाठी सरकारने १८८५ साली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांकरिता वनचौकशी आयोग नेमला, व त्याचा अहवाल १८८७ साली आला. परंतु तो वाद टहाळ्या तोडण्याच्या हक्काविषयी, म्हणजे जंगलाविषयी होता. धुराने लोकांस अपाय होतो काय, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कधीच नव्हता. मोसमी, सर्वांच्या परिचयाचा आणि अन्नाशी जोडलेला धूर ‘उपद्रव’ ठरत नाही, हाच याचा अर्थ.

गिरण्यांचा धूर हा मात्र वेगळा विषय मानला गेला. कलकत्त्यासाठी १९०५ साली व मुंबईसाठी १९१२ साली धूर-उपद्रव कायदे झाले. मुंबईच्या कायद्याचा रोख भट्ट्या व बाष्पकांच्या धुरावर होता, आणि अशा भट्ट्या कुलाबा जिल्ह्याच्या छोट्या गावांत नव्हत्या. त्यामुळे ‘धूर म्हणजे मुंबईचा, दुर्गंधी म्हणजे मोफसलची’ अशी एक विभागणी कायद्यात रूढ झाली. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ साली झाला, त्यातही नगरपरिषदेची कर्तव्ये बव्हंशी जुन्याच पद्धतीने, घाण धंदे व उपद्रव या शब्दांत, सांगितलेली आहेत.

नेमक्या याच सुमारास परिस्थिती पालटत होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ साली संमत झाला व १९६२ साली महामंडळ स्थापन झाले. पुढील दशकांत रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले व तेथे रासायनिक कारखाने आले. रोहा तालुक्यातच नागोठणे येथे १९८९-९० च्या सुमारास पेट्रोरसायनांचा मोठा प्रकल्प सुरू झाला. पेण तालुक्यात धरमतर खाडीकाठी डोलवी येथे १९९० नंतरच्या दशकात पोलादाचा कारखाना उभा राहिला. या तिन्ही स्थळांविषयी एक गोष्ट समान आहे : ती पेण किंवा रोहा नगरपरिषदेच्या हद्दीत नाहीत. औद्योगिक क्षेत्रातील बांधकामाची परवानगी महामंडळाकडे, गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे. आणि शेजारच्या नगरपरिषदेकडे फक्त वारा. याशिवाय पेण शहर मुंबई महानगर प्रदेशात मोडते, तर रोहा त्याच्या बाहेर राहते. नकाशावरील या रेषांपैकी एकही रेषा वाऱ्याला ठाऊक नाही.

कायद्यानेही हवेला पाण्याच्या मागे ठेवले. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ साली केला व १९७० साली त्यासाठी मंडळ नेमले. हवेसंबंधीचा केंद्रीय कायदा १९८१ साली आला. योगायोगाने त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. राज्यात १९८३ साली आरंभी काही क्षेत्रे वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्रे म्हणून जाहीर झाली, आणि १९९६ साली संपूर्ण राज्य तसे जाहीर झाले. या कायद्यानुसार कारखान्याला संमती देणे, धुराड्याची तपासणी करणे, वेळ पडल्यास कारखाना बंद करविणे, हे सर्व अधिकार राज्य मंडळाकडे गेले. मोजमापाची साधने व तज्ज्ञ छोट्या नगरपालिकेजवळ असणे शक्य नव्हते, तेव्हा हा बदल अकारण होता असे म्हणता येत नाही. परंतु त्यामुळे तक्रारदार गावात आणि निर्णय करणारा दूर, अशी स्थिती निर्माण झाली. जुन्या व्यवस्थेचा जो गुण वर सांगितला तो नाहीसा झाला.

नगरपरिषदेच्या हाती काय उरले, ते पुढील तरतुदींवरून दिसते. १९७५ च्या कायद्याने नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या रक्षणाचे काम आले. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बारावी अनुसूची अमलात आली. तीत सार्वजनिक आरोग्य व घनकचरा यांबरोबर पर्यावरणाचे रक्षण हाही विषय आहे. घनकचऱ्याचे नियम २००० साली व नव्याने २०१६ साली झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. पंचमहाभूतांच्या विभागणीवर आधारलेल्या या अभियानात राज्यातील नगरपरिषदा सामील झाल्या, आणि ‘वायू’ हे त्यातील एक स्वतंत्र तत्त्व आहे. वृक्षलागवड, कचरा जाळण्यास बंदी, धूळ कमी करणे ही कामे अशा रीतीने नगरपरिषदेच्या कर्तव्यांत पुन्हा नावानिशी आली.

मात्र कर्तव्याबरोबर द्रव्य आले नाही. २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत पेण किंवा रोहा नाही. पंधराव्या वित्त आयोगाने हवेसाठी सांगितलेले अनुदान दहा लाखांहून अधिक वस्तीच्या नागरी समूहांपुरते होते. लहान गावांना पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील अनुदान मिळाले, हवेसाठी नाही. १९१२ सालची विभागणी शंभर वर्षांनंतर अनुदानाच्या रूपाने पुन्हा दिसते, असे म्हणावे लागते. दरम्यान पनवेल ते इंदापूर या महामार्गाच्या रुंदीकरणाचे २०११ च्या सुमारास सुरू झालेले काम वर्षानुवर्षे रेंगाळले, व त्याची धूळ पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्याने सोसली. पेणच्या प्रसिद्ध गणेशमूर्तींच्या धंद्यातही प्लास्टरविषयीचा वाद मुख्यतः विसर्जनाच्या, म्हणजे पाण्याच्या, बाजूने झाला. मूर्ती घासताना कारागिराच्या श्वासात जाणाऱ्या भुकटीची चर्चा त्या मानाने थोडीच झाली.

या विवेचनावरून निष्कर्ष निघतो तो असा. आरंभी नगरपालिकेजवळ अधिकार होता, पण शास्त्र चुकीचे होते. पुढे शास्त्र सुधारले, साधने आली, आणि अधिकार दुसरीकडे गेला. मधल्या काळात हवा बिघडविणारी कारणे हद्दीबाहेर गेली व त्यांचे परिणाम हद्दीत राहिले. तथापि जुन्या कर्तव्याचा धागा अगदीच तुटलेला नाही. राज्य मंडळावर स्थानिक संस्थांचे पाचपर्यंत सदस्य नेमण्याची तरतूद १९८१ च्या कायद्यात आहे. आणि १९८७ च्या दुरुस्तीने, साठ दिवसांची सूचना देऊन कोणाही व्यक्तीस न्यायालयाकडे तक्रार नेण्याची वाट मोकळी करण्यात आली. गावाच्या वतीने तक्रार ऐकणे, ती लेखी नोंदविणे आणि योग्य त्या ठिकाणी नेऊन तिचा पाठपुरावा करणे, हे नगरपालिकेचे सर्वांत जुने काम आहे. त्यास धुराडे आपल्या हद्दीत असण्याची आवश्यकता नाही. झाडे लावणे व कचरा न जाळणे ही कामे उपयुक्त आहेतच. पण स्थानिक स्वराज्य या शब्दाला हवेच्या बाबतीत काही अर्थ राहावयाचा असेल, तर पेण व रोहा यांसारख्या नगरपरिषदांनी हे जुने काम पुन्हा हाती घेतले पाहिजे.