बरोक संगीताच्या इतिहासाचा विद्यापीठीय अभ्यास

युरोपात साधारणपणे १६०० ते १७५० या दीडशे वर्षांत घडलेल्या संगीताचा, त्याच्या हस्तलिखितांचा, वादनरीतींचा आणि आश्रयदात्यांचा विद्यापीठांतून होणारा अभ्यास. या काळाच्या एका टोकाला क्लाउदिओ मॉन्तेवेर्दी आणि फ्लॉरेन्स-मांतोव्हा इथला नवजात ऑपेरा आहे, तर दुसऱ्या टोकाला योहान सेबास्टियन बाखचा २८ जुलै १७५० रोजी झालेला मृत्यू. मधल्या दीडशे वर्षांत लुली, कोरेल्ली, पर्सेल, व्हिव्हाल्डी, हँडेल, टेलेमान असे एकमेकांशी फारसे न जुळणारे लोक येतात. त्यांना एका छपराखाली आणण्याचे काम विद्यापीठांनी केले, तेही बऱ्याच उशिरा.

‘बरोक’ हे आपल्या संगीताचे नाव आहे हे यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ओबडधोबड मोत्यासाठी असलेल्या ‘बारोको’ या पोर्तुगीज शब्दापासून ते आले असे सामान्यतः मानतात. संगीताच्या संदर्भात ते प्रथम दिसते ते शिवी म्हणून. फ्रेंच संगीतकार रामोचा ‘इपोलीत ए आरिसी’ हा ऑपेरा १७३३ मध्ये पॅरिसला रंगमंचावर आला आणि पुढच्याच वर्षी एका टीकाकाराने त्याला हे विशेषण चिकटवले. रूसोने १७६८च्या आपल्या संगीतकोशात गोंधळलेल्या, विसंवादांनी लादलेल्या संगीताला बरोक म्हटले. शिवीचे शास्त्रीय नाव व्हायला हाइनरिख व्योल्फलिनचा कलेतिहासावरचा १८८८चा ग्रंथ यावा लागला, आणि कुर्ट झाक्सने १९१९ मध्ये ते संगीताकडे आणले. त्याआधी हुगो रीमानने याच काळाला तंत्रावरून नाव दिले होते : आकडे घातलेल्या खर्जाचे युग. गावात माणसे पिढ्यानपिढ्या नांदत असावीत आणि महसूल खात्याने नंतर केव्हातरी येऊन सीमेचे दगड रोवावेत, तसा हा प्रकार आहे. चांगल्या विभागात विद्यार्थ्याला पहिल्या सत्रातच हे दगड हलवून पाहायला लावतात.

संगीत हा विषय विद्यापीठांना नवा नव्हता. ऑक्सफर्डला विल्यम हेदरने १६२६ मध्ये निधी देऊन संगीताचे अध्यासन स्थापले ते याच काळात. मात्र तिथला भर इतिहासावर नव्हे, प्रत्यक्ष गाण्या-वाजवण्यावर होता. इतिहासाचा धागा पकडायचा तर लाइपझिगला जावे लागते. तिथे कायदा शिकायला आलेल्या टेलेमानने १७०२ मध्ये विद्यार्थ्यांचे वाद्यमंडळ काढले. ‘कोलेगियुम म्युझिकुम’ हे त्याचे नाव. त्सिमरमानच्या कॉफीघरात वाजणारे हे मंडळ १७२९ मध्ये बाखच्या हाती आले. बाख स्वतः कधी विद्यापीठात शिकला नाही. बालमित्र एर्डमानला १७३०च्या पत्रात तो लिहितो की लाइपझिगला येण्यामागे मुलांच्या शिक्षणाचा विचार होता. लाइपझिग विद्यापीठाशी त्याचे पैशावरूनही वाजले होते. विद्यापीठाच्या चर्चमधल्या उपासनासंगीताचे काम आणि त्याचा मेहनताना कोणाचा, या प्रश्नावर १७२५ मध्ये त्याने थेट राजाकडे एकापाठोपाठ एक तीन अर्ज केले. हे अर्ज आज अभ्यासक्रमात असतात, आणि मानधनाच्या बाबतीत तो किती काटेकोर होता हे त्यांत स्पष्ट दिसते.

त्याच शहरात १७३७च्या सुमारास लोरेन्झ मित्सलर हा तरुण विद्यापीठात संगीतावर व्याख्याने देऊ लागला. त्यांत त्याने संगीताच्या इतिहासाचाही समावेश केला होता. म्हणजे ज्या काळाचा अभ्यास पुढे होणार होता तो काळ अजून खिडकीखालून चालत जात होता. याच वर्षी हांबुर्गमध्ये योहान आडोल्फ शाइबेने बाखच्या रचना अतिगुंतागुंतीच्या, फुगवलेल्या असल्याची टीका छापली. ऑर्गनवादकाच्या जागेसाठी झालेल्या चाचणीत शाइबे पूर्वी नापास झाला होता आणि परीक्षक बाख होता, हे सांगितल्याशिवाय कोणताही शिक्षक पुढे जात नाही. उत्तर बाखने दिले नाही. १७३८ मध्ये ते दिले लाइपझिग विद्यापीठात वक्तृत्वशास्त्र शिकवणाऱ्या आब्राहाम बिर्नबाउमने. संगीताचा बचाव वक्तृत्वाच्या अध्यापकाने करावा यात त्या काळाला काही विचित्र वाटले नाही. रचनाकार वक्त्याप्रमाणे श्रोत्याच्या मनात एकेक भाव जागवतो, हीच तेव्हाची धारणा होती. योहान मात्तेसोनने पुढच्याच वर्षी तिच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला.

पहिले बाखचरित्र १८०२ मध्ये लिहिले तेही विद्यापीठाच्या माणसाने. योहान निकोलाउस फोर्केल हा ग्यॉटिंगेन विद्यापीठाचा संगीतसंचालक होता. मेंडेल्सोनने १८२९ मध्ये बर्लिनला बाखचे ‘मॅथ्यू पॅशन’ पुन्हा उभे केले. त्यानंतर फिलिप श्पिट्टाचे दोन खंडी चरित्र (१८७३–८०) आले आणि त्याचे बर्लिनला अध्यापन सुरू झाले. ग्विडो आडलरने १८८५च्या लेखात संगीतशास्त्राची ऐतिहासिक आणि तात्त्विक अशी वाटणी केली. ती आजही अनेक विभागांच्या वेळापत्रकात दिसते.

श्पिट्टाने बाखच्या कंटाटांना, म्हणजे मुख्यतः चर्चसाठीच्या गायन-वाद्यरचनांना, तारखा लावल्या आणि त्यावर एक चित्र उभे केले : देवभीरू बाख आयुष्यभर चर्चसाठी लिहीत राहिला आणि स्तोत्रांवर बेतलेल्या कंटाटा हे त्याच्या प्रौढ वयाचे शिखर. जवळजवळ ऐंशी वर्षे हे चित्र टिकले. मग आल्फ्रेड ड्यूर आणि गेओर्ग फॉन डाडेलझेन या दोघांनी १९५० च्या दशकात सुरांकडे क्षणभर पाठ फिरवून कागदाकडे पाहिले. कागद उजेडात धरला की गिरणीचे जलचिन्ह दिसते. एकाच जलचिन्हाचा कागद एका मर्यादित काळात वापरला जातो. शिवाय वादकांसाठीच्या वेगवेगळ्या प्रती बाख एकटा उतरवत नसे. शाळेतली मुले, घरचे लोक, शिष्य बसत. या लेखनिकांची अक्षरे ओळखता आली, कोण कधी आला आणि कधी गेला हे जुळवता आले, तर तारखा आपोआप हाती येतात. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा लेखनिक आधी नुसता ‘अ’ म्हणून ओळखला जाई. पुढे तो योहान आंद्रेआस कुनाउ, लाइपझिगला बाखच्या आधी असलेल्या संगीताधिकाऱ्याचा पुतण्या, असल्याचे ठरले. निष्कर्ष हादरवणारा होता. लाइपझिगमधल्या बहुतेक कंटाटा १७२३ पासूनच्या पहिल्या काही वर्षांतच लिहून झाल्या होत्या आणि ते ‘शिखर’ १७२४–२५ मधले निघाले. मग उरलेली वीस-पंचवीस वर्षे तो चर्चसाठी नवीन फारसे का लिहीत नव्हता? फ्रीड्रिख ब्लूमेने १९६२ मध्ये माइन्झच्या व्याख्यानात हा प्रश्न इतक्या टोकाला नेला की धर्मनिष्ठ बाखच संशयित ठरला, आणि ईश्वरशास्त्राच्या विभागांतून संतप्त उत्तरे आली. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयाची ओळख करून देण्यास यापेक्षा चांगला धडा नाही : शाईचा एक वळसा माणसाचे चरित्र उलटवू शकतो.

ही पाठचिकित्सेची शिस्त जर्मन विद्यापीठांत ग्रीक-लॅटिन पोथ्यांवर घडली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला आकार देणारे वि. सी. सुखठणकर बर्लिनला शिकले होते, हे लक्षात घेतले की प्रतींच्या वंशावळी, पाठभेद, प्रक्षेप ही भाषा मराठी वाचकाला परकी वाटत नाही. बाखच्या समग्र रचनांची नवी आवृत्ती १९५४ ते २००७ अशी त्रेपन्न वर्षे चालली. तिचा भार ग्यॉटिंगेनची बाख संस्था आणि लाइपझिगचे बाख अभिलेखागार या फाळणी झालेल्या देशाच्या दोन बाजूंनी वाटून घेतला होता.

व्हिव्हाल्डीची कहाणी वेगळ्या वाटेने जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस तो मुख्यतः बाखने ज्याच्या रचना दुसऱ्या वाद्यांसाठी उतरवल्या असा एक व्हेनिसकर म्हणून माहीत होता. १९२६ मध्ये इटलीतल्या मोन्फेर्रातो भागातील एका सेल्झियन धर्मसंस्थेला आपल्याकडील जुने ग्रंथ विकायचे होते. किंमत ठरवण्यासाठी तोरिनोच्या ग्रंथालयाकडे विचारणा झाली. ग्रंथपाल लुईजी तोर्री यांनी विद्यापीठात संगीतेतिहास शिकवणाऱ्या आल्बेर्तो जेन्तिली यांना बोलावले. पेट्यांत व्हिव्हाल्डीची स्वहस्ते लिहिलेली बाडे होती. सरकारकडे पैसा नव्हता. रोबेर्तो फोआ या दलालाने लहानपणी वारलेल्या आपल्या मुलाच्या, माउरोच्या, स्मरणार्थ ती विकत घेऊन ग्रंथालयाला दिली. खंडांचे क्रमांक पाहता जेन्तिलींच्या ध्यानात आले की हा अर्धाच संग्रह आहे. उरलेला अर्धा जेनोव्हातील एका उमराव घराण्याकडे सापडला. तो कापडउद्योजक फिलिप्पो जोर्दानो यांनी १९३० मध्ये घेतला, आणि त्यांचाही बाळ रेन्झो वारलेला होता. आज तोरिनोच्या राष्ट्रीय विद्यापीठ ग्रंथालयात या सत्तावीस खंडांवर त्या दोन मुलांची नावे आहेत. त्यांत चारशेहून अधिक रचना आहेत. शोध लावणाऱ्याच्या वाट्याला मात्र श्रेय आले नाही : जेन्तिली ज्यू होते आणि १९३८च्या वांशिक कायद्यांनी त्यांना विद्यापीठाबाहेर काढले. १९३९च्या सप्टेंबरमध्ये सिएनाला व्हिव्हाल्डी सप्ताह साजरा झाला तो त्यांच्याशिवाय.

इंग्रजीभाषक विद्यापीठांत या काळाला पाठ्यपुस्तकी रूप दिले ते जर्मनीतून परागंदा झालेल्या मान्फ्रेड बुकोफ्सर यांनी. बर्कलीला शिकवताना त्यांनी १९४७ मध्ये लिहिलेला ग्रंथ पिढ्यांनी वाचला. त्यात शैलीचे तंत्र भरपूर आहे, पैसा आणि राजकारण कमी. पुढच्या पिढीने ती कसर भरून काढली. एलेन रोझँड यांनी व्हेनिसच्या तिकीटविक्रीवर चालणाऱ्या नाट्यगृहांचा अभ्यास केला, सुझॅन क्युसिक यांनी मेदिची दरबारातल्या फ्रांचेस्का काच्चीनीचा. १६२५ मध्ये फ्लॉरेन्सला झालेला तिचा ऑपेरा स्त्रीने लिहिलेल्या, उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या ऑपेरांपैकी आहे. हँडेलने गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे घातले होते, हे डेव्हिड हंटर यांनी हिशेबवह्यांतून दाखवले.

विद्यार्थी प्रत्यक्षात काय करतो? हस्तलिखिताच्या छायाप्रतीवरून आजच्या स्वरलिपीत उतरवणे, इटालियन-जर्मन-लॅटिन कामापुरती शिकणे, आणि खर्जाच्या एका ओळीवर लिहिलेल्या आकड्यांवरून हार्पसिकॉर्डवर तिथल्या तिथे भरणी करणे. हे तिसरे काम भारतीय संगीत शिकलेल्याला कमी दचकवते. भातखंड्यांच्या पुस्तकातली बंदिश म्हणजे संपूर्ण गाणे नव्हे, हे त्याला आधीच माहीत असते. रीमानने १९०८ मध्ये लाइपझिगला टेलेमानचे जुने नाव देऊन विद्यार्थी वाद्यवृंद पुन्हा सुरू केला. व्हिलिबाल्ड गुर्लिट्ट यांनी १९२१ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात सतराव्या शतकातील वर्णनाबरहुकूम ऑर्गन बांधवून घेतला. १९४४च्या बॉम्बहल्ल्यात तो गेला. संशोधन आणि वादन यांचे हे सख्य नेहमी गोड नसते. १९८१ मध्ये बोस्टनला संगीतशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात जोशुआ रिफ्किन यांनी मांडले की बाखच्या बहुतेक कंटाटांमध्ये एका आवाजाला एकच गायक असे. पुरावा : शिल्लक राहिलेल्या गायनप्रतींची संख्या. विरोधकांनी बाखचे १७३०चे निवेदन पुढे केले, ज्यात तो नगरपालिकेकडे प्रत्येक आवाजासाठी तीन-चार गायक मागतो. ती गाणाऱ्यांची संख्या की आजारी, गैरहजर मुले धरून हाताशी ठेवायची संख्या? वाद अजून मिटलेला नाही, आणि चर्चासत्राला असा वाद सोन्यासारखा असतो. रिचर्ड टरस्किन यांनी तर ‘अस्सल’ जुने वादन हीच विसाव्या शतकाची आवड असल्याचे ठणकावले.

भारताशी या विषयाचा एक धागा रोममधून येतो. फ्रान्सिस झेवियर आणि इग्नेशियस लोयोला यांना १६२२ मध्ये संतपद मिळाले तेव्हा जेझुइटांच्या रोममधल्या महाविद्यालयात काप्सबेर्गरने रचलेले एक भव्य संगीतनाट्य झाले. भारतही त्यात पात्र म्हणून येतो. झेवियरचे शव जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकामध्ये आहे. दुसरा धागा दिल्लीचा : चित्रपटसंगीतासाठी ओळखले जाणारे वनराज भाटिया परदेशातून परतल्यावर १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवत होते.

साधने संपलेली नाहीत. बर्लिनच्या गायन अकादमीचा दुसऱ्या महायुद्धात गहाळ झालेला, पाच हजारांहून अधिक नगांचा संग्रह १९९९ मध्ये कीव्हला सापडला. वायमारच्या अॅना अमालिया ग्रंथालयाला सप्टेंबर २००४ मध्ये आग लागली. वायमारच्या ड्यूकला दिलेल्या वाढदिवसाच्या छापील शुभेच्छाकवितांची एक पेटी थोडे आधीच तिथून हलवलेली होती. २००५च्या मे महिन्यात मिखाएल माउल यांना त्यातल्या १७१३च्या एका कवितेच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर बाखच्या अक्षरात एक अख्खे गाणे लिहिलेले आढळले.