जाहिरातीचे येणे आणि कोकणची वही

गणपतीपुळ्यास स्वयंभू गणेशाचे दर्शन घेऊन, देवस्वरूप मानलेल्या त्या संपूर्ण टेकडीस प्रदक्षिणा घालून समुद्राकडे उतरणारा यात्रेकरू आता मुक्कामाची चौकशी रस्त्यावर क्वचितच करतो. ती त्याने घरून निघण्यापूर्वी मोबाइलवर केलेली असते. या परिसराची माहिती देणारे एखादे लहान संकेतस्थळ चालविणाऱ्याचे उत्पन्न जाहिरातीवर अवलंबून असते, आणि जाहिरातीचे उत्पन्न म्हणजे, काही अपवाद वगळता, हाती आलेली रोकड नव्हे, तर कोणाकडे तरी निघणारे येणे होय. ते येणे थकते कसे आणि उगवते कसे, हा प्रश्न संगणकासमवेत जन्मास आला असे मानणे चूक ठरेल. छापील अक्षराच्या धंद्याने तो या किनाऱ्यावर फार पूर्वीच आणला होता.

मराठी वृत्तपत्राचा आरंभ करणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, म्हणजे तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याचेच. त्यांचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत निघाले आणि 1840 मध्ये बंद पडले. खुद्द रत्नागिरीत जनार्दन हरि आठल्ये यांनी 1854 मध्ये ‘जगन्मित्र’ काढले, आणि पुढे 1871 मध्ये ‘सत्यशोधक’ निघाले. अशा पत्रांचा बहुतेक व्यवहार वर्गणीवर चाले, आणि वर्गणीदार दूरदूरच्या गावांत विखुरलेले असत. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद झाल्या की मुंबई आणि कोकण यांमधील ये-जा मंदावे, आणि तगाद्याच्या पत्रास उत्तर न देणाऱ्यास एक तयार सबब लाभे.

वर्गणीपुरता उपाय टपालखात्याने दिला. 1877 मध्ये व्ही. पी.ची, म्हणजे मूल्यदेय टपालाची, पद्धत सुरू झाली आणि 1880 मध्ये मनीऑर्डर टपालखात्याकडे आली. पोस्टमनच्या हाती पैसे पडल्यावाचून पुडके सुटेनासे झाले. परंतु जाहिरातीस व्ही. पी. लावता येत नाही, आणि माझ्या मते या सर्व इतिहासाचे मर्म येथेच आहे. पुस्तक अडवून ठेवता येते, तारण ठेवलेली जमीन जप्त करविता येते. पण एकदा छापून गावोगाव गेलेली जाहिरात परत घेता येत नाही, आणि तिच्यापासून मिळालेला लाभ कर्जदाराच्या पदरी केव्हाच पडलेला असतो. जाहिरातीचे ऋण हे अशा रीतीने तारणहीन ऋण होय.

याची झळ नियतकालिकांना विशेष लागली. सावंतवाडी संस्थानातील आजगावचे काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये सुरू केलेल्या ‘मासिक मनोरंजन’ने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठीत जाहिरातीच्या आधारावर उभा राहणारा असा एक वार्षिक उपक्रम रूढ झाला, की ज्याचा कागद, छपाई आणि लेखकांचे मानधन अगोदर द्यावे लागते व ज्याची बिले मात्र दिवे विझल्यावर वसूल करावी लागतात.

तारण नाही म्हणून धंद्याने दस्तऐवज निर्माण केले. जाहिरातदाराचा किंवा एजन्सीचा लेखी हुकूम, ज्यास व्यवसायात ‘आर. ओ.’ म्हणतात, तो फाइलीत लावावयाचा. अंक निघताच जाहिरातीचे पान असलेली व्हाउचर प्रत बिलासोबत धाडावयाची. आणि देणेकऱ्याकडून हिशेब मान्य असल्याची सही घ्यावयाची. ही सही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हती. 1859 च्या मुदतीच्या कायद्यापासून साध्या कराराच्या येण्यास तीन वर्षांची मर्यादा पडली होती, आणि मुदत संपण्यापूर्वी मिळालेली लेखी कबुली ती मुदत नव्याने सुरू करते. आजचा 1963 चा कायदाही हेच सांगतो. यापुढचे पाऊल सामुदायिक होते. 1939 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन अँड ईस्टर्न न्यूजपेपर सोसायटीने जाहिरात-एजन्सींना मान्यता देण्याची व्यवस्था उभारली. एका पत्राचे पैसे बुडविणाऱ्या एजन्सीस साऱ्याच पत्रांकडील उधारीला मुकण्याचे भय उत्पन्न झाले, आणि एकट्या संपादकाच्या तगाद्याने जे साधत नसे ते या भयाने पुष्कळ अंशी साधले.

संकेतस्थळाच्या मालकापाशी मात्र यांपैकी बरेचसे काही उरले नाही. 2003 मध्ये गूगलने ॲडसेन्स ही संकेतस्थळांवर जाहिराती लावण्याची सेवा सुरू केली, तेव्हापासून जाहिरात किती वेळा दिसली, किती वेळा दाबली गेली आणि तिचे किती पैसे झाले, हे सारे पैसे देणाऱ्याच्याच वहीत लिहिले जाऊ लागले. व्हाउचर प्रत प्रकाशकाच्या हातची होती. ही खतावणी ऋणकोच्या हातची आहे. खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी एक पिन साध्या टपालाने येतो, चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात, आणि शंभर डॉलर पुरे होईपर्यंत रक्कम सुटत नाही. अवैध ठरवून गाळलेल्या दाबण्यांची वजावट होते ती निराळीच. घरांना क्रमांक नसलेल्या वाडीत ते पाकीट पोहोचणे गावच्या पोस्टमनच्या माहितीवर अवलंबून राहते, हे मला फार बोलके वाटते. मध्यस्थांची साखळी लांबली म्हणजे धोका आणखी वाढतो: अमेरिकेतील सिझमेक आणि मीडियामॅथ या जाहिरात-व्यवहारातील मध्यस्थ कंपन्या अनुक्रमे 2019 मध्ये आणि 2023 मध्ये दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा मधल्या दलालांनी ‘आम्हांस मिळाले तर देऊ’ या कराराच्या कलमाकडे बोट दाखविले, आणि ज्यांच्या पानांवर जाहिराती झळकल्या होत्या ते विनातारण धनकोंच्या रांगेत उभे राहिले.

स्थानिक जाहिरातदाराच्या, म्हणजे बहुधा एखाद्या निवासगृहाच्या, बाबतीत स्थिती इतकी निराशाजनक नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रमांच्या कायद्याने सूक्ष्म वा लघु उपक्रमाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरविली तरी 45 दिवसांच्या आत, देण्याचे बंधन घातले; त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज चढते, आणि सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. मात्र उपक्रमाची नोंदणी काम करण्यापूर्वी झालेली असावी लागते. येणे थकल्यावर केलेली नोंदणी मागच्या बिलांच्या उपयोगी पडत नाही. परक्या देशातील नेटवर्काविरुद्ध या परिषदेचा हुकूम बजावणे कठीण, म्हणून तेथे दर महिन्याचा हिशेब उतरवून घेणे आणि आपल्या सर्व्हरच्या नोंदींशी ताडून ठेवणे, एवढीच स्वतःची वही मालकास राखता येते. गणपतीपुळ्याच्या व्यवसायाचा हंगाम दिवाळीपासून मेअखेरपर्यंत. निवासगृहाच्या गल्ल्यात पैसा असतो तो याच काळात. तेव्हा वर्षाचे एक बिल जूनमध्ये धाडण्याऐवजी दरमहा बिल द्यावे, आणि मागील बाकीवर निवासगृहाच्या मालकाची सही मे संपण्यापूर्वी घ्यावी.