'देह' या संज्ञेचा अर्थ आणि संत ऑगस्टीन

ख्रिस्ती साधकाच्या अंतःकरणात देह आणि आत्मा यांचे युद्ध अखंड चालू असते, हे विधान इतके रूढ झाले आहे की, त्यातील 'देह' या शब्दाने नेमके काय अभिप्रेत आहे, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. वस्तुतः शरीर मुळातच पापमय आहे की पापाचा उगम अन्यत्र आहे, याचा निर्णय या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. लॅटिन ख्रिस्ती परंपरेत हा अर्थ निश्चित करण्याचा सर्वांत प्रभावी प्रयत्न उत्तर आफ्रिकेतील संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने केला.

या संघर्षाची परिभाषा मूळची संत पौलाची होय. पहिल्या शतकाच्या मध्यास ग्रीक भाषेत लिहिलेल्या त्याच्या पत्रांत 'सोमा' (शरीर) आणि 'सार्क्स' (मांस) असे दोन शब्द येतात. ते सर्वत्र काटेकोरपणे वेगळे राखलेले नसले, तरी त्यांचा कल भिन्न आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात 'सोमा' हे पवित्र आत्म्याचे मंदिर ठरते. आत्म्याशी विरोध दाखविला जातो तो बहुधा 'सार्क्स'चा. या शब्दामागे हिब्रू 'बासार'ची छाया आहे. आणि 'बासार' म्हणजे केवळ मांस नव्हे, तर दुर्बळ व मर्त्य असा समग्र मनुष्य. लॅटिन भाषांतरांत 'कॉर्पुस' आणि 'कारो' या शब्दांनी हा भेद टिकविला. परंतु 'कारो' हा शब्द खाण्याच्या मांसालाही लागू असल्यामुळे स्थूल अर्थाकडे मन ओढले जाणे स्वाभाविक होते.

तारुण्यात सुमारे नऊ वर्षे ऑगस्टीन मानीच्या पंथाचा अनुयायी होता. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादि तत्त्वे मानणाऱ्या या पंथात शरीर अंधाराच्या बाजूचे ठरते. त्यामुळे पाप करणारा मी नव्हे, माझ्यातील परके तत्त्व, असे म्हणण्याची सोय होत असे. ३८६ साली मिलान येथील उद्यानात अनुभवलेल्या अंतःसंघर्षाचे जे वर्णन 'कन्फेशन्स'च्या आठव्या भागात आहे, त्यात ही सोय त्याने नाकारली. मनाने हाताला आज्ञा केली की हात हलतो. मन स्वतःलाच आज्ञा करते तेव्हा मात्र ती पाळली जात नाही. इच्छा दोन असल्या, तरी त्या एकाच आत्म्याच्या. आणि दोन्ही अपूर्ण.

'ईश्वराचे नगर' (४१३–४२६) या ग्रंथाच्या चौदाव्या भागात हाच अनुभव सिद्धान्तरूप घेतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील 'देहाच्या कर्मां'च्या यादीत जारकर्म व मद्यपान यांच्याबरोबर मूर्तिपूजा, वैर, मत्सर आणि क्रोध हेही आहेत. ही पापे मनाची होत. शिवाय सैतानाला मांसमय शरीर नसताही गर्व आणि मत्सर त्याच्या ठायी पराकोटीस पोहोचतात. म्हणून 'देहाप्रमाणे जगणे' म्हणजे ईश्वराला सोडून मनुष्याने स्वतःप्रमाणे जगणे, असा अर्थ ऑगस्टीनने लावला.

तथापि वाद येथे मिटला नाही. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात, इच्छिलेले चांगले न करणारा 'मी' कोण? ३९४ च्या सुमारास ऑगस्टीनच्या मते तो कृपेपूर्वीचा, नियमशास्त्राखालील मनुष्य होता. पेलागियसच्या पक्षाशी झगडताना, ४२० च्या सुमारास, तो स्वतः प्रेषितही असू शकतो, असे त्याने मानले. याचा अर्थ, बाप्तिस्म्यानंतरही युद्ध संपत नाही. एक्लानमचा बिशप युलियन याने यावर, ऑगस्टीन अद्याप मानीपंथीयच आहे, असा आरोप केला. आरोप खरा नव्हता, पण सर्वस्वी निराधारही नव्हता. या वादात ऑगस्टीन पुनःपुन्हा कामवासनेच्याच उदाहरणाकडे वळतो आणि विवाहातील वासनेलाही दोषयुक्त ठरवितो. व्याख्येने शरीराला दिलेले अभय उदाहरणांनी हिरावून घेतले. ४३० मध्ये त्याला मृत्यू आला, तेव्हा युलियनला द्यावयाचे उत्तर अपूर्णच राहिले होते.

मराठी बायबलात योजिलेला 'देहस्वभाव' हा शब्द या दृष्टीने विचारार्ह आहे. त्यातील उत्तरपद दोष हाडामांसावरून वृत्तीकडे नेते. पूर्वपद मात्र देहावरील संशय कायम ठेवते. षड्रिपूंच्या परिभाषेत वाढलेल्या मराठी वाचकाला मद-मत्सर हे अंतःकरणाचे शत्रू आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही. कामालाही तो त्याच पंक्तीत बसवितो. देहदंड हीच साधना असे समीकरण ज्यांनी मांडले, त्यांना ऑगस्टीनच्या उदाहरणांत आधार सापडेल, त्याच्या व्याख्येत नव्हे. हा भेद ध्यानात ठेवूनच त्याचे ग्रंथ वाचले पाहिजेत.