‘जय बांगला’ आणि जयपुरात आलेले माझे डोळे

२०२३ च्या पावसाळ्यात जयपुरात माझे डोळे आले. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘आँख आ गई है, गुलाबजल डालो।’ म्हणजे मराठीत येतात तसे हिंदीतही डोळे येतातच! कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं काही न विचारता थेंबांची बाटली पुढे केली. त्याच दिवसांत आळंदीतल्या हजारो रुग्णांच्या बातम्या येत होत्या. मला आठवली ती १९७१ ची साथ.

ती १९६९ मध्ये घानात उगवली. माणूस चंद्रावर गेला तेच वर्ष, म्हणून तिकडे लोक तिला ‘अपोलो ११’ म्हणत. १९७१ मध्ये ती भारतात आली. पूर्व बंगालचे निर्वासित पश्चिम बंगालमध्ये लोटत होते, तिथं तिचं नाव पडलं ‘जय बांगला’. मुंबईतही डोळे लालभडक होत, पांढऱ्या भागात रक्त उतरे. आठवडाभरात बरं वाटलं की माणूस विसरून जाई.

पण काही मोठ्या माणसांचे पाय लुळे पडू लागले, अगदी पोलिओसारखे. जे. जे. रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुवा जोडला: या रुग्णांचे आधी डोळे येऊन गेले होते! १९७२ मध्ये त्यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पुढे विषाणूला नाव मिळालं, एंटेरोव्हायरस ७०.

घाबरू नका, असं फार क्वचित होतं. बहुतेकांचे डोळे एकदोन आठवड्यांत आपोआप निवळतात. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून चिपडं पुसायची, थंड घडी ठेवायची, टॉवेल-उशी वेगळी, हात सतत धुवायचे, लेन्स बंद. नुसतं बघून डोळे येत नाहीत, हातारुमालानं येतात. काळ्या चष्म्यानं फक्त उजेडाचा त्रास कमी होतो.

मात्र डोळा ठणकतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, लेन्स वापरणारा आहे किंवा बाळ नवजात आहे, तर त्याच दिवशी डॉक्टर. नंतर हातापायात शक्ती कमी वाटली तरी तसंच, आणि डोळे आले होते हे आठवणीनं सांगायचं.

औषधवाल्याच्या त्या बाटलीत स्टेरॉइड होतं. डोळ्यात नागिणीच्या जातीचा विषाणू असेल, तर त्यानं बुबुळाला जखम होऊ शकते. मी ती परत केली. गुलाबजलही घातलं नाही. काकू दोन दिवस रुसल्या होत्या.