पोकरची धुळाक्षरे

तीन पत्तीचा डाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पोकर अगदीच परका वाटणार नाही. ब्रॅग या जुन्या इंग्रजी खेळाशी दोहोंचे नाते सांगितले जाते. पोकर मात्र घडला अमेरिकेत, मिसिसिपीच्या खोऱ्यात. त्याचे नियम नुसते घोकण्यापेक्षा ते कसे घडत गेले हे पाहणे आम्हांस अधिक उपकारक वाटते.

जोसेफ काउएल या इंग्रज नटाने १८२९ साली न्यू ऑर्लिन्सकडे निघालेल्या आगबोटीवर हा खेळ पाहिला. तेव्हा पाने वीसच असत : चारही रंगांचे एक्का, राजा, राणी, गुलाम व दश्शी. चौघांना पाच-पाच पाने वाटली की कॅट संपे. पाने झाकून ठेवायची. त्यांवर आळीपाळीने पैसे लावायचे, नाहीतर पाने टाकून माघार घ्यायची. अखेरीस ज्याची पाने वरचढ, त्याची सारी रक्कम. इतर सर्वांनी माघार घेतली, तर उरलेल्या एकट्याची, मग त्याची पाने कशीही असोत. हूल देण्याला वाव मिळतो तो यामुळेच.

त्या डावात चार एक्के, किंवा चार राजांसोबत एक एक्का हाती आला की पराभव अशक्य. असा माणूस समोरच्याला निर्धास्तपणे नागवू शके. पुढे बावन्न पाने आली, नको ती पाने बदलून घेण्याची सोय झाली आणि एकाच रंगाची ओळीने आलेली पाच पाने सर्वश्रेष्ठ ठरली. चार एक्क्यांची ती खात्री संपली.

पानांची ही प्रतवारी दुर्मिळतेवर ठरते. बावन्न पानांतून पाचांचे २५,९८,९६० संच होतात. त्यांत नुसत्या ओळीचे १०,२००, तर नुसत्या एकाच रंगाचे ५,१०८. म्हणून रंग ओळीहून वरचा. निम्म्याहून किंचित अधिक संचांत साधी जोडीही नसते. तेव्हा नवशिक्याचा पहिला धडा माघार घेण्याचा.

खेळाचे वर्णन आरंभी छापणाऱ्यांत जोनाथन ग्रीन हा एक. धंदेवाईक जुगार सोडून त्याने १८४३ साली जुगारातील लबाड्या उघड करणारे पुस्तक लिहिले, ते लोकांना सावध करण्यासाठी. घरी मुलांना हा खेळ शिकवायचा तर पैशांऐवजी चिंचोके लावावेत. संभवाचे गणित तेवढ्यानेही पक्के होते, आणि हरणाऱ्याच्या घरची चूल विझत नाही.